तोरण बांधलेला मेणा

जहागीरदार मळ्यात राहायला गेले की त्यांना पेठेतली वर्दळ हवीशी वाटे आणि पेठेत आले की मळ्यातली शांतता. स्वारी खुशीत असे ती फक्त वाटेत, मेण्यात डुलताना. सारखं बिऱ्हाड हलवून हलवून कारभारी त्रिंबकपंत मेटाकुटीला आले होते.

त्यात एके दिवशी हुकूम सुटला, "दोन्हीकडचं सुख एकाच घरात पाहिजे. जमत नसेल तर कारभार सोडा!"

दुसऱ्या सकाळी पंतांनी धन्याला अंगणात नेलं. तिथं त्यांचाच मेणा ठेवलेला होता आणि त्याच्या दाराला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं.

"ही काय थट्टा, पंत?"

"थट्टा कसली, सरकार? वास्तुशांतसुद्धा उरकली. आता आत बसा. भोयांना बजावून ठेवलंय, कुठंही पोचवायचं नाही!"