निम्म्या वाट्याची घट

“घट म्हणजे घट! अख्ख्या जंगलाच्या वाट्यातून कापली, तुझ्याही कापली. त्यात काय एवढं?” ढोलीच्या तोंडाशी बसलेलं माकड खारीवर खेकसलं.

खारीच्या पुढ्यात शेंगांचा एवढासा ढीग होता. पोरांनो, उन्हाळी भुईमूग काढून झाला की मातीत मागे राहिलेल्या शेंगा जंगलातले प्राणी वेचत, या ढोलीत ठेवत आणि पावसाच्या तोंडावर आपापला वाटा परत नेत. राखणीला बसलेलं माकड त्यातलं थोडं कापून घेई. ‘वाळून घट येते’ म्हणे, आणि सगळे माना डोलावत. डोलावणाऱ्यांना काय तोटा! पण यंदा खारीचा निम्मा वाटा गेला होता, आणि घरट्यात पिल्लांचे डोळेही अजून उघडले नव्हते. पाऊस लागल्यावर त्यांना टाकून ती दाणा शोधायला कुठे हिंडणार?

“जाऊ दे ना, खारूताई,” वाटा न्यायला आलेला ससा पुटपुटला. “शेंगा वाळतातच.”

“वाळतात ना! पण वाळली की शेंग हलकी होते, नाहीशी होत नाही. माझ्या गेल्या कुठे?”

“उंदरांनी खाल्ल्या,” माकड म्हणालं.

“मग टरफलं दाखव. उंदीर काही टरफलं गिळत नाही.”

माकडाने डोकं खाजवलं. “वाऱ्याने नेली.”

“ढोलीला तोंड एकच, आणि ते अडवून तू बसलेला. वारा शिरला कुठून?” खारीची शेपटी ताठ झाली. “म्हणजे शेंगा अख्ख्याच बाहेर गेल्या, आणि तुझ्या नाकासमोरून गेल्या. एक तर तुला राखण जमत नाही, नाहीतर तो फुगलेला गाल आतून दाखव!”

“दाढ सुजलीय,” माकड बोबडं बोललं, आणि तोंडातून एक शेंग टपकन खाली पडली. ससा फिस्सकन हसला.

माकडाचं तोंड उतरलं. मुकाट्याने त्याने वरच्या फांदीच्या बेचक्यातून दडवलेल्या शेंगा खाली आणल्या. “दिवसभर इथे बसून असतो मी,” ते हळूच म्हणालं. “मलाही पोट आहे. पण मागितलं असतं तर दिलं असतं का कुणी?”

राखणीचं कुणी काही ठरवलंच नव्हतं, हे खरं होतं. खारीने आपल्या शेंगांतली ओंजळभर त्याच्यापुढे सारली आणि म्हणाली, “ही तुझी राखणीची मजुरी; यापुढे ती सगळ्यांदेखत मागून घे, पण घटीच्या नावाखाली कुणाचा घास कापू नकोस.”

तात्पर्य काय, तर आपल्या वाट्याला कात्री लागली की कारण विचारावं आणि ते नीट पारखून घ्यावं. रास्त असेल ते हसत द्यावं, खोटं असेल तर एक दाणाही सोडू नये.