येसूचा शंख आणि सोन्याचे बेट

समुद्रकाठच्या एका राज्यात मकरंदसेन नावाचा राजा होता. प्रजा सुखी, धान्य उदंड, दुःख काय ते एकच. दर पौर्णिमेला भर दुपारी खाडीच्या तोंडाशी सोन्याचे बेट वर येई. तो एका मांत्रिकाचा बुडालेला, शापित खजिना. ज्याला जे हवे, ते त्याला बेटावर दिसे. होड्या तिकडे वळत आणि खडकांवर फुटत. शंखाचा आवाज कानी पडला की भूल उतरे, म्हणून राजाने पहारेकरी नेमले. पण तेही बेटाकडे बघत बसत आणि शंख हातातच राही.

किनाऱ्यावर येसू दोरीवर वाळणारे बोंबील राखत बसे. तिचा नवरा धाकू त्याच बेटापायी बुडाला होता. एक दिवस ती आपणहून दरबारात गेली.

"महाराज, कावळे हाकताना मी दिवसभर दर्याकडेच बघते. शंख मला द्या."

राजाने मोबदला विचारला. ती म्हणाली, पुढचे पुढे बघू.

पहिल्या पौर्णिमेला बेटावर वाडे दिसले. येसूला आपली झोपडी पुरत होती. तिने शंख फुंकला, होड्या परतल्या. दुसऱ्या पौर्णिमेला बेटावर तिच्यासाठी रत्नजडित पालखी दिसली. पालखीत बसले तर बोंबील कोण राखणार? शंख वाजला.

तिसऱ्या पौर्णिमेला बेटावर धाकू उभा होता. तीच तांबडी टोपी, तेच हसू. येसूला रडू फुटले. तेवढ्यात बोंबील चोरायला टपलेला म्हातारा कावळा बोलला, "येसू, शंख वाजला तर तो पुन्हा दिसणार नाही. आणि बेटाकडे बारा होड्या निघाल्या आहेत."

"त्यांच्याही बायका वाट बघतायत," येसू म्हणाली. धाकूला डोळे भरून बघितले आणि तिने शंख फुंकला.

आपले माणूस समोर असताना जो दुसऱ्यांसाठी शंख फुंकेल, त्याच्याच हातून शाप मोडायचा होता. बेट विरघळले. काळे खडक उघडे पडले, ते आजही लांबून दिसतात. बाराही होड्या काठाला लागल्या.

राजा म्हणाला, "माग, काय हवे ते."

"शंख माझ्याकडेच राहू द्या, महाराज. वादळे काही शापाने येत नाहीत. पण मी दर्याकडे बघते तेव्हा कावळे बोंबील नेतात. राखायला कुणीतरी द्या."

तेव्हापासून दर पौर्णिमेला खुद्द राजा काठी घेऊन कावळे हाकत बसे. म्हाताऱ्या कावळ्याला मात्र रोज एक बोंबील मिळे, येसूच्या हुकमाने.