चौथ्या मैलाची बाटली

डॅरोबीतून बाहेर पडणाऱ्या रस्त्याला लागून जुने रूळ जातात. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातलं हे गाव. गाडी बंद होऊन जमाना झाला. चौथ्या मैलाच्या खांबापाशी मात्र पाण्यानं भरलेली बाटली दिसेल. कितीही तहान लागली तरी तिला हात लावू नका, असं इथली म्हातारी माणसं पाहुण्यांना आधी बजावतात, मग गोष्ट सांगतात.

तीन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. घोडेसुद्धा मेले होते. इंजिन टाक्या भरून आणायचं, त्यावर गाव जगायचं. स्टेशन सांभाळायची नोरा क्विल्टी. तिचा नवरा अँब्रोज रूळ दुरुस्त करायचा. मार्ग एकेरी, त्याची लाकडी काठी एकच. ती ज्याच्या हाती, त्यानंच रुळांवर जायचं, असा नियम. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका स्टेशनावर मार्ग मोकळाच आहे म्हणून काठीशिवाय गाडी सोडली, नि समोरून येणाऱ्या गाडीच्या धडकेत नोराचा भाऊ गेला. तेव्हापासून या बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे, म्हणे.

एकदा नवव्या मैलावर अँब्रोजच्या ढकलगाडीचा आस तुटला. त्यानं ती रुळांवरून बाजूला लोटली आणि तो चालत घरी आला. काठी गाडीतच राहिली. सकाळी रिकाम्या टाक्या घेऊन इंजिन तयार, आणि गावातली पिंपं खडखडीत. अँब्रोज ओशाळला. घरातली शेवटची बाटली घेऊन आल्या पावली परत निघाला. "दुपारपर्यंत आणतो," एवढंच बोलला.

दुपार टळली. वरून नुसती आग बरसत होती. ड्रायव्हर हात जोडायचा बाकी राहिला. "मिसेस क्विल्टी, मार्ग मोकळा आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. हळू जातो. वाटेत अँब्रोज भेटला की वर घेतो."

"त्या दिवशीही सगळ्यांना ठाऊकच होतं," नोरा म्हणाली. "काठी आल्याशिवाय चाक हलणार नाही."

बायका सुकलेली लेकरं तिच्यापुढे आणून धरत होत्या. तिचं काळीज तुटत होतं, पण सिग्नलच्या दांड्यावरचा हात तिनं काढला नाही.

उन्हं उतरली तेव्हा माणसं रुळांवरून शोधत गेली. चौथ्या मैलाच्या खांबाला टेकून अँब्रोज बसला होता. बाटली कोरडी, काठी मांडीवर. अंग अजून गार पडलं नव्हतं, असं सांगतात. दुपारी इंजिन सुटलं असतं तर माणूस वाचता.

नोराला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. त्याला स्टेशनावर आणलं तेव्हा तिनं आधी काठी घेतली, ड्रायव्हरच्या हातात दिली नि म्हणाली, "जा आता." मग तिनं हंबरडा फोडला.

पहाटे टाक्या आल्या, गाव वाचलं. पहिली बाटली भरून नोरा चालत चौथ्या मैलावर गेली, आणि मरेपर्यंत रोज जात राहिली. तिच्यामागे गावानं हे व्रत उचललं.

आजही डॅरोबी सोडणारा माणूस तिथं थांबतो, शिळं पाणी खांबाच्या बुंध्याशी ओततो आणि बाटली ताज्या पाण्यानं भरून ठेवतो. का, असं विचारलं तर नोराचंच बोलणं सांगतात: "चारच मैल राहिलेत त्याचे. पाणी लागेल त्याला."