सहावी खोली

"मग वस्ताद, राहिलं का काही? असेल तर सांगून टाका."

परागने विचारलं खरं, पण उत्तर त्याने मनात आधीच ठरवून ठेवलं होतं. काही राहिलेलं नाही.

जिन्याजवळच्या भिंतीवर पाटीएवढा पडदा लावलेला होता, त्याच्याकडे वारलूजी वस्तादांनी एकवार पाहिलं. पडद्यावर पाच खोल्यांची नावं होती आणि प्रत्येक नावापुढे एक हिरवा ठिपका. ज्या खोलीने जितकं गार मागितलं, तितकं तिला मिळालं, असा त्या ठिपक्याचा अर्थ.

"पाचही हिरवे," पराग म्हणाला.

"दिसून राह्यले," वस्ताद म्हणाले आणि त्यांनी चपला काढल्या.

नागपुरातल्या धोटेसाहेबांच्या नव्या बंगल्यातली ही गोष्ट. मशीन एकच, बाहेर अंगणात. तिथून हवेची वाट छतावरून निघायची आणि खोलीखोलीत फुटायची. प्रत्येक फाट्यावर एक झडप. हॉलमध्ये पंचवीस लावा, वरच्या खोलीत बावीस लावा, झडपा आपापल्या उघडतील, आपापल्या मिटतील. उन्हाळ्यात गार हवा आणि डिसेंबरात त्याच वाटेने गरम. हे सगळं परागने एकट्याने बसवलं होतं. वस्तादांनी पान्याला हातसुद्धा लावला नव्हता.

ती वस्तादांची पद्धतच होती. शिकाऊ माणसाला एक अख्खं घर द्यायचं, मशीन सुरू झाल्यावरही पंधरा दिवस तिकडे फिरकायचं नाही आणि मग एक दिवस येऊन पाहायचं. ते "झालं" म्हणाले की माणूस सुटला, स्वतःच्या नावाने काम घ्यायला मोकळा. पराग सहा वर्षं त्या एका शब्दाची वाट पाहत होता. त्याच्याकडे डिप्लोमा होता, दशांश डिग्रीपर्यंत मोजणारं यंत्र होतं, आणि आपल्याला आता शिकायचं फारसं उरलेलं नाही अशी खात्रीही होती.

शिवाय अमरावती रोडवर धोटेसाहेबांच्या साडूंचं तीन मजली घर तयार होत होतं. तिथलं काम धोटेसाहेबांच्या शब्दावर मिळणार होतं. वस्ताद "झालं" म्हणाले आणि धोटेसाहेब खूश राहिले, तर ते घर परागचं.

वस्ताद घर तपासायचे ते असं. यंत्र नाही, कागद नाही. खोलीत शिरायचं आणि तिथल्या माणसाला विचारायचं, "तुम्ही इथं कुठे बसता जी?" मग त्याच जागी बसायचं आणि तोंडातली सुपारी संपेपर्यंत उठायचं नाही. परागला याचं मनातून हसू यायचं. सुपारीने तापमान मोजणारा माणूस अख्ख्या विदर्भात हा एकच असावा.

पाच खोल्या झाल्या, पाच सुपाऱ्या झाल्या. साहेबांची खोली, दोन मुलांच्या दोन, पाहुण्यांची एक आणि हॉल. वस्तादांनी कुठे नाक मुरडलं नाही.

धोटेसाहेब तर भलतेच खुशीत होते. "पंधरा दिवसांत एक तक्रार नाही हो! पोरगं हुशार आहे तुमचं."

परागची छाती दोन इंच फुगली.

वस्तादांनी सुपारीचं नवं खांड तोंडात टाकलं.

"आणखी कोण राहते जी घरात?"

"आणखी...? आमची बेबीआत्या. मागे, स्वयंपाकघराच्या पलीकडे."

"तिकडे पाहायची गरज नाही, वस्ताद," पराग घाईने म्हणाला. "त्या खोलीला झडपच नाही."

"काऊन?"

हाच प्रश्न परागला हवा होता. खरी हुशारी तर इथे होती!

"पाच खोल्यांनी झडपा मिटल्या की हवा उरते. पंखा काही थांबत नाही. ती उरलेली हवा कुठेतरी सोडावीच लागते, नाही तर आतल्या नळ्यांवर बर्फ धरतो आणि मशीन बंद पडतं. तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं. मग?"

"मग एक खोली कायम उघडी ठेवली. उरलेली सगळी हवा तिकडे जाते."

"तीच खोली कायले?"

"आत्यांची कधी तक्रार नसते," पराग म्हणाला.

वस्तादांचा जबडा थांबला... आणि मग ते मागच्या खोलीकडे चालू लागले.

खोली रिकामी होती. एक खाट, एक ट्रंक, खाली अंथरलेली सतरंजी.

"त्या अंगणात असतील," धोटेबाई मागून म्हणाल्या. त्यांनी आवाज जरा खाली आणला. "आत्यांचं डोकं हल्ली थोडं चळलंय हो. भर दुपारी उन्हात जाऊन बसतात. कितीदा ओढून आणलं."

मे महिना होता. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

वस्तादांनी मागचं दार उघडलं. धुण्याच्या दगडाशेजारच्या पायरीवर एक वाळकी, ठेंगणी म्हातारी बसली होती. धोटेसाहेबांची आई त्यांच्या लहानपणीच गेली, त्यांना वाढवलं ते या आत्याने; तिच्यासाठी ते अजून मनूच. वय ब्याऐंशी, नाव अजून बेबीच. ऊन थेट अंगावर घेऊन ती डोळे मिटून बसली होती. तिच्या मांडीवर एक तपकिरी स्वेटर घडी करून ठेवलेला होता.

"आत्याबाई, आत येता का जी? जरा बसाचं होतं तुमच्याजवळ."

ती लगबगीने उठली. दारापाशी थांबली, स्वेटर घातला, बटणं लावली, डोक्याला रुमाल बांधून कान झाकले आणि मग उंबरा ओलांडला. लोक बाहेर पडताना चपला घालतात, तितक्या सवयीने तिने हे केलं.

परागने ते पाहिलं. तरी तो म्हणाला, "म्हाताऱ्या माणसांना थंडी वाजतेच, वस्ताद."

वस्ताद आत्याकडे वळले.

"तुम्ही इथं कुठे बसता जी?"

तिने सतरंजीकडे बोट दाखवलं. बरोबर वर छतात हवेचं तोंड होतं. वस्ताद तिच्या शेजारी मांडी घालून बसले.

"बस," ते परागला म्हणाले.

"मी यंत्र आणतो, लगेच मोजून..."

"तू बस."

पराग बसला. धोटेबाई थोडा वेळ दारात उभ्या राहिल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

थोड्या वेळाने छतात कुठेतरी खट् झालं. पराग तो आवाज झोपेतही ओळखला असता. हॉलची झडप मिटली होती. हॉलला हवं तेवढं गार झालं. पंधरा दिवस हा आवाज ऐकला की त्याला बरं वाटायचं.

डोक्यावरचा हवेचा झोत वाढला.

खट्. थोरल्या मुलाची खोली.

झोत आणखी वाढला. परागने कॉलर वर केली.

खट्. पाहुण्यांची खोली, जिथे पाहुणे नव्हतेच.

आता हवा मानेवर धारेसारखी पडत होती. वस्तादांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून कानाला गुंडाळला. त्यांची सुपारी केव्हाच संपली होती. त्यांनी दुसरं खांड काढलं आणि तोंडात टाकलं.

परागने खिशातून हळूच यंत्र काढलंच. अठरा. या खोलीत त्याने ते आजवर एकदाही काढलं नव्हतं.

"आत्या," तो म्हणाला, "थंडी वाजते का तुम्हाला?"

"नाही रे बाबू. छान आहे. पोरं सुखात झोपतात, मले काय होते?"

"मग उन्हात...?"

तिने दाराकडे पाहिलं.

"जराशी हाडं शेकून येतो," ती हळूच म्हणाली. "मनूले सांगू नोको."

परागला लाज वाटली. सरळ सांगायचं तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. या बाईला घरची माणसं वेडी ठरवत होती, आणि ते वेड त्याने स्वतःच्या हाताने छतातून सोडलं होतं.

तो वस्तादांकडे वळला. "यांच्या खोलीलाही झडप बसवतो."

"अन् हवा? उरलेली हवा कोठी सोडशील?"

परागने छतातल्या हवेच्या तोंडाकडे पाहिलं.

"सगळ्यांकडे थोडी थोडी," तो म्हणाला. "कोणाचीच झडप पूर्ण मिटू द्यायची नाही. उरेल ती सगळ्यांनी वाटून घ्यायची."

"मग तुझे हिरवे ठिपके?"

"पिवळे होतील. चोवीस लावलं तरी कधी तेवीस होईल."

"साहेबाले चालते?"

नाही चालणार. त्यांच्या नाकावर माशी बसलेली त्यांना खपत नाही, हे पंधरा दिवसांत परागला चांगलंच कळलं होतं. एक फोन साडूंना, आणि अमरावती रोडचं घर गेलं.

वस्ताद सतरंजीवर बसून सुपारी चघळत राहिले.

पराग उठला. गाडीतून शिडी आणली.

चार वाजेपर्यंत तो छतात डोकं घालून होता. झडप बसवली, तारा ओढल्या, सहाही झडपा थोड्या थोड्या उघड्या राहतील असं लावून घेतलं. मग आत्याच्या खोलीत गार कमी-जास्त करण्याचं बटण लावायचं होतं. त्याने नेहमीप्रमाणे भिंतीवर आपल्या छातीच्या उंचीला पेन्सिलीने खूण केली. खुणेकडे पाहिलं. मग सतरंजीवर आत्याशेजारी बसला, हात लांब केला, आणि नवी खूण केली. जुनी खूण अंगठ्याने पुसून टाकली.

"आत्या, हा वरचा बाण दिसतो? तो दाबला की गार कमी होतं. खालचा दाबला की वाढतं."

"मी नाही रे दाबत. बिघडलं तं? मनूले विचारून घे."

"बिघडत नाही."

"राहू दे. मले स्वेटर आहे."

परागने पाने-पकडी पिशवीत भरल्या, शिडी मिटली.

"झालं, वस्ताद. निघायचं?"

"बस."

"आता काय राहिलं?"

वस्तादांनी सुपारीचं आणखी एक खांड तोंडात टाकलं.

पराग बसला. त्याला भूक लागली होती, मान आखडली होती, आणि म्हातारा अडून का बसला आहे हे काही केल्या उमगत नव्हतं.

पाच मिनिटं गेली... दहा गेली...

आत्याने बटणाकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. मग पुन्हा बटणाकडे. तिने बोट पदराला पुसलं, जणू बोटानेच ते मळणार होतं. हात अर्धा पुढे नेला, मागे घेतला.

वस्ताद भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

तिने बाण दाबला. एकदा. काही स्फोट झाला नाही. मग आणखी दोनदा दाबला.

वर खट् झालं. मानेवरची धार बारीक झाली, आणखी बारीक झाली आणि नुसती झुळूक उरली. आत्याने मान वर करून छताकडे पाहिलं आणि तशीच पाहत राहिली.

एवढ्यात वरच्या मजल्यावरून आवाज आला.

"अरे, कोणी हात लावला रे मशीनला? चोवीस लावलं होतं मी! तेवीस दाखवतंय इथे!"

जिन्यावर पावलं वाजली. आत्याचा हात झटकन पदराखाली गेला. धोटेसाहेब दारात आले, कपाळाला आठ्या घालून.

"काय केलंत हे? पंधरा दिवस सुरळीत चाललं होतं!"

पराग ताडकन उठला. "साहेब, मी..."

वस्तादांनी बसल्या जागेवरून त्याचं मनगट धरलं आणि त्याला खाली बसवलं. वयाच्या मानाने पकड जबर होती.

धोटेसाहेब एकेकाकडे बघत होते... परागकडे, वस्तादांकडे, भिंतीवरच्या नव्या बटणाकडे.

आत्याने पदराखालून हात बाहेर काढला.

"मी दाबलं, मनू," ती म्हणाली. "मले थंडी वाजत होती."

धोटेसाहेबांनी आत्याकडे पाहिलं. स्वेटरकडे पाहिलं, कानावरच्या रुमालाकडे पाहिलं. मग ते आत आले, हवेच्या तोंडाखाली तळहात धरून उभे राहिले, आणि कितीतरी वेळ त्यांनी तो हात खाली घेतला नाही.

वस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले. दुपट्टा कानावरून सोडून त्यांनी खांद्यावर टाकला.

"आता झालं," ते परागला म्हणाले. "उद्या अमरावती रोडले तू एकटाच जाजो."