सांडव्याचं अंगाईगीत

“पावसाळ्यात सांडव्याचा आवाज थांबला, की लेकराला उचलायचं आणि वर यायचं,” निवळनाथ महाराजांनी साळूला बजावलं होतं. ती हसली होती. “महाराज, नदी कधी गप्प बसते होय!”

महाराज तेव्हा हातनूरखेड्याच्या देवळात राहत. खाली नदीवर जुना दगडी बंधारा होता. त्याची भिंत मध्यावर मुद्दाम बुटकी ठेवलेली. तोच सांडवा. वाढलेलं पाणी तिथूनच पातळ पदरासारखं उतरे, काठाला धक्का लावत नसे. बंधाऱ्याच्या अंगालाच साळूची झोपडी. त्या झुळझुळीवरच तिचं तान्हं झोपी जाई.

उन्हाळ्यात पाणी अडवायला सांडव्यावर फळ्या लावून माती लिंपत, आणि मृगाआधी काढत. त्या वर्षी गावचे पाटील दौलतराव भदाण्यांनी त्या काढूच दिल्या नाहीत. “भरलेलं पाणी कोण सोडून देतं?”

पहिल्या सरी झाल्या तरी सांडवा मुकाच. बाळ रडून रडून निळं पडे. साळू हात जोडून म्हणाली, “पाटील, फळ्या काढा. सांडवा गप्प होणं धोक्याचं, असं महाराजांनी सांगितलंय.”

“नदीचं तोंड बंद केलं, तर तुझ्या लेकाचं कसं उघडलं गं?” पाटील म्हणाले. पारावर हशा पिकला.

मग एका दुपारी वरच्या डोंगरावर आभाळ काळंभोर झालं. गावात थेंब नाही, पण नदी निःशब्द फुगत चालली. साळूला महाराजांचे शब्द आठवले. बाळाला पोटाशी धरून ती काठाच्या वाटेनं वर निघाली, तोच पुढची माती ढासळली. मागची वाटही खचली. सांडव्यातून वाट न मिळालेलं पाणी काठ खात होतं!

पलीकडून पाटील धावले, गडी धावले. दाबानं घट्ट बसलेल्या फळ्या तसूभर हलेनात.

“महाराज!” साळूनं डोळे मिटले.

उघडले, तेव्हा पाण्यावरून कुणी भगवं चालत येत होतं, अंगणात फिरावं इतकं सावकाश. त्यानं वाकून एकेक फळी सोडवली. फळ्या दिव्यांसारख्या तरंगत गेल्या. सांडवा गाऊ लागला. काठाचं पाणी ओसरलं, आणि बाळानं झोपेत मूठ सोडली!

पाटील देवळात धावले. महाराज आसनावरच होते, सकाळपासून उठले नव्हते. पण छाटी ओलीचिंब, नखांत लिंपणाची माती! पाटलांनी लोटांगण घातलं. “चुकलो, महाराज.”

“माझ्या पायाशी काय करतोस? ती बाई भिजलीय, तिला बघ.”

पाटील उठले. खचल्या काठावर साळूपुढेही त्यांनी मान तुकवली, आणि बाळाला आपल्या पागोट्यात गुंडाळून घरी नेलं.

भक्तहो, तुमच्याकडे आभाळ भरलं असेल, तर ही पोथी मिटून ठेवा. ओढ्याकाठी खालच्या अंगाला कुणी लेकुरवाळी राहत असेल, तिला आधी एक हाक मारून या.