झोपाळ्याची कडी

कुईंऽऽ! कुईंऽऽ!

झोपाळा कुरकुरला आणि राजे रंगरावांची दुपारची झोप पुन्हा मोडली. तेल घालावं, तर ते ओघळून नेमकं त्यांच्या कपाळावर टपके!

"ही कडी ओतणाऱ्या ओताऱ्याला कोठडीत टाका!" राजे गरजले. "तेल न घालताही आवाज होणार नाही अशी कडी मिळेल, तेव्हाच त्याची सुटका!"

तेलकारभारी बळवंतपंत दचकले. झोपाळ्याच्या नावावर कोठारातून निघणाऱ्या तेलाच्या घागरी त्यांच्याच घरी जात. ते पोट सावरत पुढे आले. "आणि सरकार, कडी गुंजभरही झिजता कामा नये!"

"वा! तीही अट!" राजे म्हणाले.

ओतारीच कोठडीत, मग कडी ओतणार कोण? एवढा विचार करण्याची राजवाड्यात पद्धतच नव्हती. शेवटी ओताऱ्याची मुलगी ठकू हिने भट्टी पेटवली आणि काशात शिसं मिसळून कडी ओतली.

पंतांनी कडी तोलली. ठकू म्हणाली, "छताचा लोखंडी आकडाही सोबत तोला."

"त्याचं काय काम?"

"कडीला त्याच्याशीच नांदायचंय, पंत!"

पंत हसले, पण दोन्ही तोलून वजनं बाजूला ठेवली.

झोपाळा हलू लागला. ना कुरकूर, ना तेलाचा थेंब! राजांचं घोरणं मात्र वाड्याला पहिल्यांदाच ऐकू आलं.

उन्हाळा सरताच पंतांनी कडी उतरवून तोलली. "झिजली, सरकार! झिजली!"

बाप अजून कोठडीत होता, पण ठकूची जीभ मोकळी होती.

"सरकार, आकड्यावर करडा लेप दिसतोय ना? कडीतलं शिसं हळूहळू त्याला लागत गेलं. तेच तिचं तेल! आता दोघांना एकत्र तोला."

बाजूला ठेवलेल्या त्याच वजनांसमोर तोललं. काटा बरोबर मध्यावर!

"वाड्यातलं वाड्यातच आहे, सरकार. बाहेर गेलं असतं, तर झीज म्हटलं असतं!"

राजे विचारात पडले. "अगं, मग इतकी वर्षं माझ्या तेलाच्या घागरी गेल्या कुठं? माझ्या कपाळावर तर चारच थेंब पडले!"

"त्यासाठी धान्याचा मोठा तराजू मागवावा लागेल," ठकू म्हणाली. "आणि पारड्यात पंतांना बसवावं लागेल!"

राजे पोट धरधरून हसले. पंतांनी पोट धरलं ते लपवायला! हसता हसताच राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून ठकूला दिलं, ओताऱ्याची कोठडी उघडवली आणि पंतांच्या कमरेची कोठाराची किल्ली त्याच्या हाती ठेवली.