राहेलबाईने मागितलेलं पाणी

फार फार वर्षांपूर्वी गोदावरीच्या अलीकडे, बोरखडीत, राहेलबाई नावाची एक बाई होती. नेमकं किती वर्षांपूर्वी ते विचारू नका. इथे जो तो आपल्या आजीच्या वयाने मोजतो. चर्चमध्ये प्रभुभोजन असलं, म्हणजे सगळ्यांनी एकाच भाकरीचा तुकडा खायचा विधी असला, की ती भाकरी भाजायचा मान तिचा. तिच्या भाकरीला कधी चीर पडली नाही, असं म्हणतात.

गावात ख्रिस्ती लोकांच्या दोन आळ्या, वरली आणि खालली. दोन्ही आळ्यांनी एकाच दिवशी, एकाच पाळकाच्या हातून बाप्तिस्मा घेतला. जात सुटली म्हणून सगळ्यांनी मोठ्याने सांगितलं. पाणवठे मात्र दोनच राहिले! वरलीचे लोक खाललीच्या आडाचं पाणी पीत नव्हते, आणि राहेलबाई होती वरलीची.

मग दुष्काळ पडला. वरल्या आळीची विहीर आटली आणि बाया दोन कोसांवरून पाणी आणू लागल्या. खालल्या आडाला पाणी होतं. एका दुपारी खाललीची गयाबाई भरली घागर घेऊन राहेलबाईच्या दारात आली. घरात राहेलबाईची सहा वर्षांची नात, मार्था, तापाने फणफणली होती.

“पोरीच्या व्हटाला कोरड पडलीया. एवढं पानी ठेव,” गयाबाई म्हणाली.

“आमच्यात चालत न्हाई. घिऊन जा,” राहेलबाई म्हणाली.

गयाबाई परत गेली. सून दोन कोसांवरून पाणी घेऊन येईपर्यंत मार्था गेली होती.

काय सांगावं! राहेलबाई रडली नाही. तीन दिवस नुसती चुलीपुढे बसून राहिली. चौथ्या दिवशी पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर होता. सकाळी ती रिकामी कळशी घेऊन उठली आणि सगळ्यांच्या देखत खालल्या आळीत गेली. गयाबाईच्या दारात तिने कळशी खाली ठेवली. कसंबसं म्हणाली, “पानी दे, गयाबाई.” गयाबाईच्या जिभेवर चार शब्द आलेच असतील. मी असतो तर सुनावले असते. तिने मुकाट्याने कळशी भरून दिली.

चर्चमध्ये पाळकाने भाकरी उचलली, तशी राहेलबाई उभी राहिली.

“पीठ वरलीचं हाय, पानी खाललीचं. हेच पानी म्या दारातनं माघारी धाडलं, आन् पोर मातीत घातली. ज्याला खायाचं न्हाई त्यानं खाऊ नये. पर घरी गेल्यावर आपापल्या पोरांच्या तोंडाकडं बघा.”

कोणी हलेना. मग तिची सून उठली, मार्थाची आई. तिने पहिला तुकडा घेतला. मग एकेक करत सगळे उठले.

ती एक भाकरी दोन्ही आळ्यांनी खाल्ली तरी संपली नाही, असं म्हणतात. त्या दुपारी सगळी वरली आळी आडावर लोटली, पण पाणी बोटभरही उतरलं नाही, असंही म्हणतात. खरंखोटं देव जाणे. त्या उन्हाळ्यात बोरखडीत तहानेने दुसरं पोर गेलं नाही, एवढं मात्र खरं.

आता घरोघरी नळ आहेत. तरी दरवर्षी त्या रविवारच्या भाकरीला नळाचं पाणी चालत नाही. वरलीतली सगळ्यांत म्हातारी बाई कळशी घेऊन खाली जाते आणि स्वतःच्या तोंडाने पाणी मागते. लेकीसुनांना पाठवून भागत नाही. खाललीच्या बाया आधीच पाणी शेंदून उभ्या असतात. मागायला आलेल्या बाईला ताटकळत ठेवायचं नाही, एवढाच त्यांचा नियम आहे.